बंद केलेले ॲप जाते कुठे?

अँड्रॉइड फोनवर होमचे बटण दाबले की ॲप पडद्यावरून जाते, रॅममधून लगेच जात नाही. पुन्हा चटकन उघडावे म्हणून ते तसेच राखून ठेवले जाते. रिकामी रॅम तशीही काही कामाची नसते. पण जागा कमी पडली तर आधी कोणाला काढायचे हे ठरवण्यासाठी प्रत्येक ॲपला गुण असतात आणि इथे जास्त गुण म्हणजे कमी किंमत: पडद्यावरच्याला शून्य, निष्क्रिय पडलेल्यांना ९०० ते ९९९. रॅम अपुरी पडू लागली की न लागणारा डेटा दाबून लहान केला जातो. तेवढ्याने भागले नाही, तर सर्वाधिक गुणांच्या ॲपवर आधी गदा येते. अलीकडे वापरलेल्या ॲप्सच्या यादीतून ॲप सारखे सरकवून टाकल्यास पुढच्या वेळी ते पहिल्यापासून सुरू करावे लागते आणि त्यात बॅटरी बहुधा जास्तच खर्च होते.