तलावांच्या शहरात पाणी कुठे मुरते?

पहिल्या दमदार पावसात रायपूरच्या प्रोफेसर कॉलनीत आणि जलविहार कॉलनीत पाणी शिरले की छत्तीसगडच्या राजधानीत ठरलेला प्रयोग सुरू होतो. महापौर पाहणी दौरा काढतात, विरोधक नालेसफाईच्या बिलांची चौकशी मागतात, आयुक्त पंप लावल्याचे सांगतात. ऊन पडले की पडदाही पडतो.

वस्तुतः रायपूर हे तलावांचे शहर. पाणी साठवणारे तलाव आणि जादा पाणी खारून नदीकडे वाहून नेणारे नाले, अशी येथील जुनी व्यवस्था होती. २००१ मध्ये सुमारे ६ लाख असलेली महापालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ मध्ये १० लाखांवर गेली आणि राजधानीच्या दर्जामुळे जमिनीला सोन्याचा भाव आला. काही तलाव तर त्याआधीच गेले होते. रजबंधा तलाव बुजवून मैदान झाले आणि तेथे वृत्तपत्रांचे प्रेस कॉम्प्लेक्स उभे राहिले; म्हणजे तुंबलेल्या पाण्याच्या बातम्या बुजवलेल्या तलावावर बसूनच लिहिल्या जातात! तेलीबांधा तलाव वाचला, पण त्याचा काठ आता 'मरीन ड्राइव्ह' म्हणून ओळखला जातो. तलावाकडे पाण्याची जागा म्हणून नव्हे, तर फिरायची जागा म्हणून पाहण्याची दृष्टी या नावातच आहे.

या अपयशाचे खापर आजवर पक्षीय सुंदोपसुंदीवर फोडले गेले. २०१० ते २०१८ या काळात महापौर काँग्रेसचा आणि राज्य भाजपचे होते, तेव्हा दोघांनाही एकमेकांकडे बोट दाखवणे सोयीचे होते. डिसेंबर २०१८ नंतर दोन्हीकडे काँग्रेस आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये मीनल चौबे निवडून आल्या आणि दोन्हीकडे भाजप आला. मधल्या काळात महापौर निवडण्याची पद्धतही दोनदा बदलली. २०१९ मध्ये ती नगरसेवकांकडे गेली आणि पुढच्या निवडणुकीसाठी पुन्हा थेट जनतेकडे आली. हे सर्व प्रयोग झाले, पाणी मात्र तुंबतच राहिले. तेव्हा दोष पक्षांच्या जुळणीत नाही, अधिकारांच्या वाटणीत आहे.

पाणी तुंबले की जाब महापालिकेला विचारला जातो, परंतु पाणी कुठे तुंबणार हे ठरवणारा भूवापर आराखडा राज्याचा 'नगर तथा ग्राम निवेश' विभाग करतो. वसाहती रायपूर विकास प्राधिकरण उभारते. आयुक्त राज्य सरकार नेमते. स्मार्ट सिटीच्या काळात बुढा तलावाचे सुशोभीकरणही वेगळ्या कंपनीकडे गेले. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या परिशिष्टात नागरी संस्थांसाठी १८ विषय दिले. त्यांत नगरनियोजन पहिले आहे, पण ते सोपवायचे की नाही हे राज्याच्या मर्जीवर राहिले. याच यादीत स्मशाने, कोंडवाडे आणि कत्तलखाने नावानिशी आहेत; पावसाच्या पाण्याचा निचरा मात्र स्वतंत्र विषय म्हणून नाही. संसदेला १९९२ मध्ये तो सुचला नाही, हे एकवेळ समजू शकते. परंतु २००५ च्या मुंबईतील जलप्रलयानंतरही यादी तशीच राहिली.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये शहरी पुरासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. मोठ्या नाल्यांतील गाळ दरवर्षी ३१ मार्चपर्यंत काढावा आणि निचऱ्याची आखणी प्रभागाच्या नव्हे, पाणलोटाच्या हद्दीनुसार व्हावी, असे त्यांत म्हटले आहे. पहिली सूचना पाळणे महापालिकेच्या हाती आहे आणि त्यात कुचराई झाल्यास तिला माफी नाही. दुसरीसाठी भूवापराचा अधिकार लागतो. तो नसलेली महापालिका फार तर नाली खोल करू शकते, वरच्या अंगाला होणारा भराव रोखू शकत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या, तेव्हा नागपूरनेही पाणी वॉर्डाची सीमा ओळखत नाही हे अनुभवले.

हा अधिकार ज्यांच्या हाती आहे ते मंत्रालय २०१२ मध्येच जुन्या शहराबाहेर, आखीवरेखीव नव्या रायपुरात हलले आहे. प्रोफेसर कॉलनीतील पाणी तेथपर्यंत पोहोचत नाही.