मन मोजणारे शास्त्र

पुणतांबा हे दौंड-मनमाड लोहमार्गावरचे स्थानक. शिर्डीचा फाटा येथूनच फुटतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर पुढे जाते. तांबडा सिग्नल दिसताच चालकाचा हात किती लवकर हलतो, यावर शेकडो प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात.

हा वेळ मोजता येतो. मित्राला फूटपट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेपाशी दोन बोटे उघडी ठेवा. त्याने अचानक पट्टी सोडली की पकडा. ती २० सेंटिमीटरच्या खुणेवर पकडलीत, तर तुमचा प्रतिक्रियाकाल सुमारे ०.२ सेकंद!

विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिग येथे काढलेल्या प्रयोगशाळेत असेच काल मोजले जात. मानसशास्त्र म्हणजे मनकवडेपणा नव्हे. ते प्रयोगाचे शास्त्र आहे. म्हणूनच रेल्वेत चालक किंवा स्टेशनमास्तर होऊ पाहणाऱ्या उमेदवाराला लेखी परीक्षेत कितीही गुण असोत, मानसशास्त्रीय चाचणी उत्तीर्ण व्हावीच लागते.

अशा चाचण्या तयार करणारे तुम्हीही होऊ शकाल. बारावीनंतर पदवीला हा विषय घ्या, पुढे एम.ए. करा. पुणे विद्यापीठात हा विभाग १९५० पासून आहे. शाळा, कारखाने, रुग्णालये येथे कामे आहेत. मात्र मनोरुग्णांवर उपचार करणारा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आणि हो, संख्याशास्त्राचा कंटाळा करून चालणार नाही!