मडके वाजवून, चाक फिरवून

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोते हो, बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. खणखणीत आवाज आला तरच पैसे मोजतो. मग हजारो रुपयांचे कुंभाराचे चाक घेताना नुसते चित्र आणि किंमत पाहून मागणी का नोंदवतो? हा प्रश्न मला सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत पडला. मातीकामाच्या वर्गासाठी तिथे टेबलावर ठेवायची चार छोटी विजेची चाके आणली होती. वर्षभरात त्यातली तीन बंद पडली. दुरुस्तीला माणूस मिळेना आणि वर्ग थांबला. शाळेपासून दोन गल्ल्यांवर कुंभारवाडा होता. पण चाके घेण्याआधी तिथे जाऊन कोणी विचारले नव्हते.

असे वर्ग आता वाढणार आहेत. सहावी ते आठवीच्या मुलांनी 10 दिवस दप्तर बाजूला ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावे, असे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. हौस म्हणून मातीकाम शिकू पाहणारी मोठी माणसेही आहेतच. पैसे मात्र सगळीकडे बेताचे. तेव्हा थोडक्या पैशांत चाके कशी निवडावीत, ते पाहू.

चाके तीन प्रकारची. पहिले आपले पारंपरिक, जमिनीलगतचे, काठीने गती द्यायचे. जड कडेमुळे ते बराच वेळ फिरत राहते. ते पाहण्यासारखे खरे, पण उकिडवे बसून ते साधायला वर्षे लागतात. नवशिक्याने त्यावर सुरुवात करू नये. दुसरे पायाने फिरवायचे. खाली जड तबकडी, मधे उभा दांडा आणि वर माती ठेवायची छोटी तबकडी. तिसरे विजेचे.

पायचाकाचा मोठा गुण असा की ते गावात तयार होते. लेथवाला, वेल्डर आणि गवंडी एवढी तीन माणसे पुरतात. सातारा, कराड, मिरज, कुपवाड या भागात त्यांची वाण नाही. खालची तबकडी काँक्रीटची ओतता येते. 60 सेंटिमीटर व्यासाची आणि 8 सेंटिमीटर जाडीची तबकडी सुमारे 54 किलो भरते. तेवढेच वजन मध्यापेक्षा कडेला अधिक ठेवले, तर गती जास्त वेळ टिकते. आपल्या जुन्या चाकाची कड जड असायची ती याचसाठी. दांड्याला दोन चांगली बेअरिंग हवीत. तिथे काटकसर नको. मुलांची बोटे सापडू नयेत म्हणून तबकडीभोवती लोखंडी पट्टीचे कडे बसवावे. वीज गेली तरी या चाकाचा वर्ग चालू राहतो. लहान मुलांचे पाय मात्र पुरत नाहीत. साधारण आठवीच्या पुढच्या मुलांसाठी ते ठीक.

विजेच्या चाकावर मूल लवकर रमते, कारण पायाची कसरत नसते. बिलाची भीती धरू नये. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर म्हणजे सुमारे 370 वॅट. अशी चार चाके पूर्ण जोराने तीन तास चालली, तरी साडेचार युनिटच्या आतच वीज लागते. खरा खर्च बंद पडलेल्या चाकाचा असतो.

म्हणून घेण्यापूर्वी चाक फिरवून पाहावे. तीन किलो मळलेली माती सोबत न्यावी. ती चाकावर घट्ट बसवून अगदी मंद गतीत दोन्ही हातांनी जोर लावावा. चाक अडखळले, तर ते वर्गाच्या कामाचे नाही. नवशिका नेहमी गरजेपेक्षा जास्त दाबतो. मग कडेशी खिळा स्थिर धरून चाक फिरवावे. खिळा आणि कड यांतले अंतर कमी-जास्त होत असेल, तर चाक डुगडुगते आणि माती कधीच मध्यावर येणार नाही. गती शून्यापासून हळूहळू वाढते की एकदम उसळते, तेही पाहावे. अर्धा तास चालवून मोटरजवळ हात न्यावा. फार तापली असेल, तर किंमत कितीही कमी असो, ते चाक सोडून द्यावे.

शेवटी दुकानदाराला विचारावे, पट्टा तुटला तर कुठे मिळेल? पिठाच्या गिरणीला चालणारा साधा पट्टा आपल्या तालुक्याच्या गावी मिळतो. खास कारखान्यातून मागवायचा पट्टा आला, तर चाक महिनाभर झाकून ठेवावे लागते. ओल्या हातांचे काम आहे, तेव्हा अर्थिंग पक्के करावे आणि गळतीचा विद्युतप्रवाह तोडणारी कळ बसवून घ्यावी. यात हयगय नको.

आता चाके किती? समजा 12 मुले आणि दोन तासांचा वर्ग. दोन चाके असली तर प्रत्येकाच्या वाट्याला 20 मिनिटे येतात. चार असली तर 40. माती मध्यावर आणायलाच नवशिक्याची 15-20 मिनिटे जातात. म्हणून 12 मुलांना चार हवीत. पण चारही एकदम घेऊ नयेत. आधी एक विजेचे घ्यावे, एक पायचाक करवून घ्यावे आणि एक सत्र चालवून पाहावे. तोवर बाकीच्या मुलांनी हाताने वळ्या रचून भांडी करावीत, बेंदराचे बैल करावेत. तेही मातीकामच आहे आणि त्याला चाक लागत नाही.

आणि वाचलेले पैसे? ते कुंभाराच्या मानधनाला द्यावेत. संक्रांतीची सुगडी, घटस्थापनेचे घट, बेंदराचे बैल त्याच्याकडून घ्यायचे आणि शिकवायला मात्र त्याला बोलवायचे नाही, हे बरे नव्हे. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत कुंभारकामही आहे. त्यात नोंद झालेल्या कारागिराला अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. ते त्याचे हक्काचे आहे, शाळेचे नव्हे. पण अर्ज भरायला शाळेतल्या गुरुजींनी मदत केली, तर चाकही त्याच्या घरी येईल आणि शिक्षकही शाळेला मिळेल. अधिक पाहायचे असेल, तर बेळगाव जिल्ह्यात खानापूरला खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाच्या प्रशिक्षणाची संस्था आहे. आपल्या भागातून ती फार लांब नाही.

त्या शाळेची गोष्ट पुरी करतो. पुढे कुंभारवाड्यातल्या एका आजोबांना बोलावले. बंद चाकांपैकी एक त्यांनी हाताने फिरवले, कान लावून ऐकले आणि म्हणाले, “गुरुजी, ह्याला कडच न्हाई, गती धरायची कशानं?” हेच वाक्य खरेदीच्या आधी कानी पडले असते, तर तीन चाकांचे पैसे वाचले असते. तेव्हा श्रोते हो, चाक घ्यायला जाल तेव्हा तीन किलो माती न्या, एक खिळा न्या आणि आपल्या गावचा कुंभार सोबत न्या.