हातभर नंदी, बोटभर अंतराळवीर

शिशाच्या जुन्या पुतळ्यावरचा रंग उतरवायचा असेल तर डेटॉल घ्यावं आणि त्यात पाण्याचा थेंबही घालू नये. ही युक्ती इंग्लंडातल्या छंदिष्टांची. बरणीत नितळ डेटॉल ओतायचं, पुतळे बुडवायचे, झाकण लावून रात्रभर विसरायचं. सकाळी रंग सुरकुतून सुटलेला असतो. टूथब्रशने घासतानाही ब्रश डेटॉलमध्येच बुडवायचा. त्या अवस्थेत पुतळा नळाखाली धरला तर सुटलेल्या रंगाचा चिकट राडा होतो आणि तो पुन्हा सांदीकोपऱ्यात जाऊन बसतो. आधी सगळा रंग पुसून काढायचा, मग साबण, मग पाणी. पोळ्याच्या आधी आमच्या भंडाऱ्याच्या घरात जो येई तो वासाने दारातच थबके आणि विचारी, "कोणाले लागलं?"

बरणीतले पुतळे भाच्याचे. तो पुण्यात नोकरी करतो आणि सुटीच्या रात्री मित्रांबरोबर टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतो. एक जण रेफरी असतो. तो दूरच्या ग्रहमालेतला प्रसंग उभा करतो, बाकीचे आपापलं पात्र होऊन काय करणार ते सांगतात, आणि अडेल तिथे फासे निकाल देतात. गोष्ट महिनोन्‌महिने चालते, तिला ते कॅम्पेन म्हणतात. 'ट्रॅव्हलर' नावाचा हा खेळ अमेरिकेत मार्क मिलर यांनी १९७७ मध्ये काढला, तीन लहान काळ्या पुस्तिकांत. त्यातली मला भावलेली गोष्ट अशी की तिथले नायक कोवळे नसतात. नौदलात, पायदळात, व्यापारी जहाजांवर उमेदीची वर्षं घालवून बाहेर पडलेली माणसं ती. जुन्या नियमांत तर फासे वाईट पडले की पात्र खेळ सुरू होण्याआधी नोकरीतच मरतं! अशा मंडळींना नवेकोरे प्लास्टिकचे पुतळे शोभत नाहीत, असं भाच्याचं मत. इंग्लंडहून परतलेल्या एका सहकाऱ्याने त्याला १९८०च्या दशकातल्या धातूच्या पुतळ्यांचा डबा दिला होता. तो घेऊन स्वारी पोळ्याला मामाकडे आली. टेबलावर आमचा सागाचा नंदी आधीच आडवा पडलेला होता, म्हणून अर्धं टेबल भाच्याला दिलं.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगतो की बैलांचा पोळा अमावास्येला होतो आणि दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, पोरांचा तान्हा पोळा. लाकडी नंदी चाकांच्या पाटावर उभा असतो. त्याला झूल, घुंगरं, बेगड, कासरा, सगळा साज खऱ्या बैलासारखा. पोरं वेश करून त्याला ओढत तोरणाखाली नेतात आणि मग घरोघर फिरून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली असं सांगतात. आता भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातही चिखलणी ट्रॅक्टरने होते. बैलजोडी दारात नसलेल्या घरांतसुद्धा लाकडी नंदी मात्र असतो, आणि दरवर्षी त्याला नवा हात मारला जातो.

लहान पुतळे घेऊन मोठ्या माणसांनी खेळावं याचं ज्यांना हसू येतं त्यांनी एच. जी. वेल्स आठवावा. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये मंगळवासीयांना पृथ्वीवर उतरवणाऱ्या याच लेखकाने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' हे खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचं नियमपुस्तक प्रसिद्ध केलं होतं. तेव्हा विज्ञानकथा आणि बोटभर पुतळे यांची सोयरीक जुनीच आहे.

रंग काढल्यावर पुतळे आणि नंदी, दोघांच्याही अंगातून निघालं ते शिसंच. १९९०च्या दशकापर्यंत हे पुतळे शिसं आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. १९९३ च्या सुमारास अमेरिकेत मुलांच्या खेळण्यांतल्या शिशावर बंदीची चर्चा झाली आणि कारखानदार शिसंविरहित धातूकडे वळले. जुना पुतळा म्हणूनच हाताला जड लागतो, आणि नखाने दाबला तर ओरखडा उठतो. त्याला एक रोगही जडतो. दमट, बंद जागेत लाकडातून किंवा पुठ्ठ्यातून आम्लाची वाफ सुटते, तिच्याने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि ती पुतळा आतपर्यंत खाते. इंग्लंडात ओकच्या सुंदर कपाटांत जपलेले संग्रह अशा वाफेने खराब झाले आहेत. भाच्याच्या डब्यातल्या काही पुतळ्यांच्या पायथ्याशी अशी भुकटी होती. ती कोरडी खरडायची नाही, ओल्या ब्रशने काढायची, आणि हात धुतल्याशिवाय चिवड्याच्या डब्याकडे जायचं नाही.

नंदीचं शिसं त्याच्या कातडीत. घरगुती रंगात शिसं दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आमचा नंदी त्याच्या कितीतरी आधीपासून ऑइलपेंट पीत आला आहे. शिंगांचा पिवळा आणि झुलीचा नारिंगी हे तर संशयित नंबर एक, कारण लेड क्रोमेट याच छटांत वापरलं जाई. पूर्वी आम्ही अंगणात बसून काचकागदाने खसाखसा घासायचो आणि धूळ उडत राहायची. आता काळा वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने घासतो, लगदा जुन्या वर्तमानपत्रावर गोळा करतो आणि पोरांना त्या वेळी घरात पिटाळतो. घासताना थर दिसतात. पांढऱ्याखाली पांढरा, त्याखाली एका वर्षी कुणाच्या तरी हट्टापायी लावलेला तांबूस, त्याखाली पुन्हा पांढरा. मी लाकडापर्यंत जात नाही. पोपडे सुटतील तेवढे काढायचे, घट्ट धरलेला रंग राहू द्यायचा. भाच्याला हे पटत नाही. बोटभर पुतळ्यावर दोन थर जास्त झाले की नाकडोळे बुजतात, म्हणून त्याला धातू लख्ख हवा. हातभर नंदीला दहा थर सहज पेलतात. माझं पक्कं मत आहे की जुन्या वस्तूवरचा रंग किती काढावा हे तिच्या आकाराने ठरतं, आपल्या भावनेने नव्हे.

लाकडाला वाफेचा नाही, पाण्याचा त्रास. सागवान असूनही पोटाखाली रेषेच्या दिशेने चीर गेली होती. रंध्याखालचा बारीक भुसा फेव्हिकॉलमध्ये मळून ती भरली, वाळल्यावर लांबी लावली, पुन्हा कागद मारला. भाद्रपदाच्या तोंडावर हवेत इतका ओलावा असतो की ऑइलपेंटचा हात सकाळी मारला तर संध्याकाळी बोट चिकटतं. भाच्याने स्प्रेचा प्रायमर आणला होता, तो मी बाहेर काढू दिला नाही. दमट हवेत त्यावर पांढुरका धुरकटपणा येतो आणि मग सगळं पहिल्यापासून. ब्रशने लावायचा प्रायमर पातळ करून त्याने आधी काळा हात दिला, मग वरच्या बाजूने, डोकं आणि खांद्यांवर, पांढरा. हे मी नवलाने बघत राहिलो. पुतळा अजून रंगायचा होता तरी त्याच्यावर दुपारचं ऊन पडलेलं दिसत होतं.

इथे या कामातलं मर्म आहे. पुतळा लहान करता येतो, उजेड लहान करता येत नाही. इंचभर माणसाच्या झग्याची चुणी अर्धा मिलिमीटर खोल असते. खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड तिच्यात सगळीकडून शिरतो आणि सावली पडतच नाही. नुसता एक रंग फासला तर पुतळा हातभर अंतरावरून सपाट गोळा दिसतो. म्हणून सावली रंगवावी लागते. मूळ रंग लावून झाला की भाचा गडद, पाण्यासारखा पातळ रंग सगळीकडे सोडतो. तो आपोआप खोबणीत उतरतो आणि उंचवट्यावरून ओघळतो. याला वॉश म्हणतात. मग फिक्या छटेत ब्रश बुडवून कागदावर इतका पुसायचा की त्यात काही उरलंय असं वाटूच नये, आणि पुतळ्यावरून झाडल्यासारखा फिरवायचा. फक्त उंच कडांना रंग लागतो. हा ड्राय ब्रश. चपट्या डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर ठेवला की वरचा ॲक्रिलिक रंग तासन्‌तास ओला राहतो.

शिरस्त्राणाची काच रंगवण्याची रीत तर उलटी. उजेड वरून येतो म्हणून वरचा भाग उजळ असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात वर गडद, खाली येता येता फिकट, आणि वरच्या गडद कोपऱ्यात एक पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की रंगाची काच होते. त्या ठिपक्यासाठी ब्रशचं टोक सुईसारखं लागतं. उत्तम ब्रश सायबेरियातल्या एका मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे, फार महाग. आपल्याकडचे पेंटर वर्षानुवर्षं खऱ्या मुंगसाच्या केसांचे ब्रश वापरत आले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे, आणि २०१९ मध्ये या ब्रशांच्या धंद्यावर 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने देशभर छापे पडले. भाचा कृत्रिम केसांचा ब्रश वापरतो. त्याचं टोक लवकर वाकडं होतं, मग तो ड्राय ब्रशच्या कामाला जातो.

डोळ्यांवरून आमचं जुंपलं. पुतळ्याला चेहरा उघडा असेल तर भाचा डोळे सगळ्यात आधी करतो. गडद खाच, तीत पांढरी रेघ, रेघेवर काळा उभा फटकारा. चुकलं तर भोवतीच्या त्वचेच्या रंगाने झाकता येतं. आमच्या घरात नंदीचे डोळे सगळ्यात शेवटी. गणपतीच्या मूर्तींच्या डोळ्यांचीही आखणी शेवटीच होते, आणि ती कारखान्यातला सर्वांत मुरलेला हात करतो. मी म्हटलं, डोळे आधी केले तर तो उरलेलं काम बघत बसेल. भाचा म्हणाला, "मामाजी, बघू द्या की."

वॉशची किमया बघून त्याने नंदीवरही प्रयोग केला. वशिंडाच्या मागे आणि गळ्याखालच्या पोळीच्या घड्यांत पातळ करडा रंग सोडला. जवळून पाहिलं तर घडी सुरेख उठली होती. आई चहा घेऊन आली, दारातूनच म्हणाली, "बैल मळका काहून दिसते?" तिचं बरोबर होतं. नंदी रस्त्यावर ओढला जातो, पोराच्या गुडघ्याच्या उंचीवर, ढगाळ उजेडात, आणि लोक त्याला उभ्याने, चार पावलांवरून बघतात. त्या अंतरावरून सावलीचा नुसता डाग होतो. शिवाय हातभर लाकडावर वशिंडाची खरी सावली पडतेच, ती रंगवायची गरज नाही. त्याला हवा सपाट चकचकीत पांढरा, शिंगांवर लाल-हिरवे पट्टे, काजळ घातल्यासारखा मोठा डोळा. पुन्हा एक हात पांढरा मारून टाकला.

वार्निशचंही तसंच झालं. नंदीला चकाकी हवी, म्हणून ऑइलपेंटच पुरे. पुतळ्याला चकाकी चढली की रंगवलेला उजेड आणि खरा उजेड यांचं भांडण लागतं, म्हणून मॅट. पण खेळताना पुतळे सारखे बोटांनी उचलले जातात, आणि मॅट थर लवकर झिजतो. त्यावर भाच्याची तोड अशी की आधी चकचकीत वार्निशचा कवचासारखा थर, वाळला की वरून मॅट. ओलाव्यामुळे वरचा थर त्याने भंडाऱ्यात लावलाच नाही, पुण्याला कोरड्या दिवशी लावीन म्हणाला.

एका पुतळ्याचा डावा हात कोपरापासून तुटलेला होता. बारीक ड्रिलने भोक पाडून, तारेची खुंटी घालून दुसऱ्या पुतळ्याचा हात जोडता येतो, सुटे तुकडे डब्यात होतेही. भाच्याने ते केलं नाही. तुटलेल्या टोकाला राखाडी धातूचा रंग दिला आणि ठरवलं की हा जहाजाचा निवृत्त इंजिनिअर, हात कुठे गेला ते खेळणारे विचारतील तेव्हा रेफरी बघून घेईल. नंदीचं उजवं शिंगही गेल्या वर्षी तोरणाच्या गर्दीत टवकलं होतं. मी भाच्याला म्हटलं, याचीही काही गोष्ट रच. आईने ऐकून घेतलं नाही, खंडित नंदी तोरणाखाली नेत नाहीत. सुताराकडून नवं शिंग करून आणलं. ते जुन्यापेक्षा थोडं जाड झालं, म्हणून त्यावरचे पट्टे मी जरा अरुंद ओढले.