तीन शास्त्रज्ञ, दोन नोटा

गणितज्ञ गाउस आणि पिएर व मेरी क्यूरी यांची चित्रे तुम्ही पुस्तकांत पाहिली असतील. ती एके काळी चलनी नोटांवरही होती. जर्मनीच्या १० मार्कांच्या नोटेवर गाउस आणि त्यांचा घंटेच्या आकाराचा प्रसिद्ध आलेख होता. फ्रान्सच्या ५०० फ्रँकच्या नोटेवर क्यूरी दांपत्य होते. २००२ साली युरोच्या नोटा आल्या आणि ही दोन्ही चलने व्यवहारातून गेली.

तरी गाउस यांची नोट निकामी झालेली नाही. १ युरोला १.९५५८३ मार्क या ठरलेल्या दराने जर्मनीची मध्यवर्ती बँक जुने मार्क आजही बदलून देते. त्याला मुदत नाही. भागाकार करून पाहा : १० मार्क म्हणजे ५.११ युरो. मग जर्मनीबाहेरचा नोटांचा व्यापारी याहून कमी पैसे का देतो? तो फसवतो काय?

याचे उत्तर हिशेबातच आहे. नोट म्हणजे एक वचन, आणि ते पुरे होते ते त्या बँकेच्या खिडकीवर. तेथवर नोट पोचवायला खर्च येतो. समजा, विम्यासह टपालखर्च १५ युरो आहे. एकच नोट पाठवली, तर ५.११ युरोंसाठी १५ युरो गेले! शंभर नोटा एकत्र पाठवल्या, तर दर नोटेमागे खर्च फक्त ०.१५ युरो. परंतु खोट्या नोटेचा धोका, पैसे अडकून पडल्याचे व्याज आणि व्यापाऱ्याचा नफा यांसाठी आणखी २० टक्के, म्हणजे १.०२ युरो धरू. उरले ३.९४ युरो. एवढीच किंमत तो देऊ शकेल.

यंत्राला दिलेली सर्व ऊर्जा आपल्याला उपयुक्त कार्याच्या रूपात मिळत नाही. काही घर्षणात जाते. येथेही तसेच घडते.

‘पण जुनी वस्तू दुर्मिळ असते ना?’ असे तुम्ही विचाराल. मार्क दुर्मिळ नाहीत. सुमारे १,२०० कोटी मार्कांची नाणी व नोटा अजून बँकेकडे परतलेल्याच नाहीत! संग्राहक जादा पैसे मोजतो तो कोऱ्या किंवा खरोखर विरळा नोटेसाठी.

क्यूरींच्या नोटेचे काय झाले? तिचे ७६.२२ युरो मिळत होते, पण १७ फेब्रुवारी २०१२ पर्यंतच. त्या दिवशी मुदत संपली. कागद तोच, शाई तीच. वचन मात्र संपले. आता तिला किंमत आहे ती केवळ संग्राहकाच्या आवडीपुरती.

तेव्हा घरात एखादी जुनी परदेशी नोट सापडली, तर तिच्यावरचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. वचन अजून जिवंत आहे का, ते कोठे पुरे होते आणि तेथवर जायला खर्च किती, हे तीन प्रश्न आधी विचारा.

आता एक गणित तुमच्यासाठी : त्याच १५ युरोंत १,००० मार्कांची एकच नोट पाठवली, तर टपालात किती टक्के जातील? आणि ५ मार्कांची पाठवली तर?