एक कनेक्शन, घरभर कॉम्प्युटर

बाजारहत्नूरच्या मंडळींनो, घरात एकच इंटरनेट कनेक्शन आणि कॉम्प्युटर तीन-चार असतील, तर आज दहा मिनिटं राउटरसाठी काढाच.

राउटर घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला सहसा 192.168 ने सुरू होणारा आतला पत्ता देतो. बाहेरच्या जगाला बहुधा एकच पत्ता दिसतो. त्यामुळे बाहेरून कुणी आपणहून सहजी आत शिरत नाही. धोका खरा असतो तो सोप्या पासवर्डचा. 2016 मध्ये ‘मिराय’ नावाच्या मालवेअरने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीने घातलेले मूळ पासवर्ड वापरूनच! म्हणून वाय-फायचा आणि राउटरच्या सेटिंगचा, दोन्ही पासवर्ड बदला.

पिन टाकून वाय-फाय जोडण्याचा ‘डब्ल्यूपीएस’ हा पर्याय मात्र बंदच ठेवा. त्याचा पिन आठ आकडी, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो. शेवटचा आकडा तर नुसता पडताळणीचा. म्हणजे जास्तीत जास्त 11,000 प्रयत्नांत कुलूप उघडतं. 2011 मध्येच हे उघड झालं होतं.

सेटिंगमध्ये वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए3, नाहीतर डब्ल्यूपीए2 ठेवा. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्या. आदिलाबादहून, किनवटहून सोयरे आले की पहिला प्रश्न वाय-फायचाच असतो ना!