आर्चीनंतरची रिंकू

मार्च 2016 मध्ये 63 वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा 'सैराट' थिएटरात लागलाही नव्हता. त्यातल्या अभिनयासाठी विशेष उल्लेख मिळवणारी रिंकू राजगुरू कोण, हे अकलूजबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. 29 एप्रिलला चित्रपट लागला आणि बघता बघता ती घराघरांत 'आर्ची' झाली. शंभर कोटींपलीकडे गेलेल्या या पहिल्या मराठी चित्रपटाच्या नायिकेला तेव्हा पंधरावं वर्षही पूर्ण व्हायचं होतं.

अकलूजसारख्या गावांतली मुलगी पडद्यावर दिसायची. पण ती भूमिका बहुतेक वेळा शहरातली नटी करायची. नागराज मंजुळेंनी शिक्षक आईवडिलांची ही शाळकरी मुलगी सोलापूर जिल्ह्यातूनच निवडली आणि तिची बोलीही तशीच ठेवली.

लोकांच्या लक्षात राहिले ते आर्चीचे बुलेट आणि ट्रॅक्टर. तिची खरी कसोटी मात्र उत्तरार्धात लागते. पाटलांची लाडावलेली लेक हैदराबादच्या झोपडपट्टीत येऊन पडते. तिथला वास तिला सहन होत नाही, घास गिळवत नाही, घरच्या आठवणीनं रडू आवरत नाही. हळूहळू सगळा तोरा उतरतो आणि कारखान्यात राबणारी संसारी बाई समोर उभी राहते. हे सगळं रिंकूनं संवादांच्या आधाराशिवाय, नुसत्या चालण्या-बसण्यातून दाखवलंय.

मग गर्दीच इतकी उसळली की रोज शाळेत जाणं कठीण झालं. 2017 मध्ये ती बाहेरून दहावीला बसली, 66.40 टक्के मिळाले. 2020 मध्ये बारावीला 82 टक्के पडले. अमेरिकेत 'टॅक्सी ड्रायव्हर'साठी चौदाव्या वर्षी ऑस्कर नामांकन मिळालेली जोडी फॉस्टरही पुढे येल विद्यापीठात शिकायला गेली होती. लहान वयात डोक्यावर घेतल्या गेलेल्या मुलीला अभ्यासाची अशी आडोशाची जागा लागतेच.

त्यामुळे तिच्या चित्रपटांची यादी लांबलचक नाही. 'सैराट'च्या कन्नड अवतारात, 'मनसु मल्लिगे'त, तीच नायिका होती. नंतर 'कागर' आणि 'मेकअप' आले. लारा दत्ताबरोबर 'हंड्रेड' ही मालिका झाली. 'झुंड'मध्ये ती मंजुळेंकडे परतली, तर 'झिम्मा 2'मध्ये सुहास जोशी, निर्मिती सावंत यांच्यासारख्या कसलेल्या अभिनेत्रींच्या घोळक्यात सहज मिसळली. यातलं एकही काम 'सैराट'एवढं गाजलं नाही, हे खरं. पण आर्चीचीच नक्कल करत राहण्याचा सोपा रस्ता तिनं धरला नाही, हेही तितकंच खरं.

तिला अजूनही फक्त बुलेटवरूनच ओळखत असाल, तर 2021 चा '200 हल्ला हो' जरूर पाहा. नागपुरात घडलेल्या सत्य घटनेवरच्या या चित्रपटात अमोल पालेकरांसमोर उभी राहणारी, शिकलेली, संतापलेली आशा सुर्वे ही तिची आजवरची सर्वांत प्रौढ भूमिका आहे.